साम्य कुठपर्यंत?



आजच्या विषयाची सुरुवात आपण एका ओळखीच्या वाक्यापासून करूया. अर्थसंकल्पाचे दिवस आले की हे वाक्य टीव्हीवर ऐकू येतं, रिक्षात ऐकू येतं, घरी जेवतानाही ऐकू येतं. "घर चालवायचं तसाच देश चालवायचा. मिळकतीपेक्षा खर्च जास्त झाला की घर बुडतं, मग देशही बुडणारच." ऐकलं की पटतं. ऋण काढून सण करू नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. घराचा हिशेब आपल्या हातातला असतो, देशाचा नसतो. मग हातातल्यावरून हाताबाहेरचं समजून घ्यायचं, यात वावगं ते काय?

या वाक्याला उत्तर देणारे बहुधा दोन प्रकारचे. एक जण मान डोलावतो. दुसरा म्हणतो, "छे, तुलनाच चुकीची. देश म्हणजे काय घर आहे का?" आम्हाला या दोन्ही उत्तरांबद्दल तक्रार आहे. पहिल्याने साम्य बघितलं आणि तो थांबला. दुसऱ्याने फरक बघितला आणि तोही थांबला. पण जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी घ्या, त्यांच्यात काही ना काही साम्य सापडतंच आणि काही ना काही फरकही सापडतोच. मग साम्यावरून काढलेला निष्कर्ष कधी धरायचा आणि कधी सोडायचा? एका क्षेत्रातली ओळखीची गोष्ट दुसऱ्या क्षेत्रात नेऊन तिथे अनुमान करणं, म्हणजे साम्यानुमान, हे नेमकं कशाच्या बळावर उभं राहतं? आज एवढ्याच प्रश्नाकडे बघायचं आहे. आणि ते बघताना एका गाजलेल्या पुस्तकाशी थोडं भांडायचंही आहे.

पुस्तक काय म्हणतं

डग्लस हॉफस्टॅटर आणि इमॅन्युएल सँडर यांचं 'सर्फेसेस अँड इसेन्सेस' हे पुस्तक २०१३ साली आलं. हॉफस्टॅटर हे नाव तुमच्यापैकी अनेकांना 'गोडेल, एशर, बाख' या १९७९ सालच्या पुस्तकामुळे माहीत असेल. सँडर हे मानसशास्त्रज्ञ, मुलं गणित कसं शिकतात याचा अभ्यास करणारे. दोघांनी मिळून पाचशेहून जास्त पानांत एकच गोष्ट सांगितली आहे : साम्य ओळखणं हा विचाराचा एक प्रकार नाही, तो विचाराचा गाभाच आहे. लहान मूल आपल्या आईला 'आई' म्हणतं, मग शेजारच्या बाळाच्याही 'आई' असते हे त्याला कळतं, पुढे मांजरीच्या पिल्लांची आई, मग गंगामाई, मायबोली. प्रत्येक पायरीवर मूल साम्यच ओळखत असतं. आइन्स्टाइनची झेपही त्याच जातीची, फक्त उंच. हे मायबोलीचं उदाहरण आमचं आहे, पण पुस्तकाचा रोख हाच.

या पुस्तकाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. साम्यानुमान हा कवींचा आणि कीर्तनकारांचा प्रांत, शास्त्रज्ञ मात्र तर्काने चालतात, असा एक समज आहे. तो या पुस्तकाने पार मोडून काढला आहे. शिवाय लेखक भाबडे नाहीत. फसव्या साम्यांवर त्यांचं एक अख्खं प्रकरण आहे. भागाकार म्हणजे वाटून देणं, असं मूल शिकतं. पेढे वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येतात. म्हणून भागाकाराचं उत्तर लहानच यायला हवं, असं त्याच्या मनात बसतं. पुढे अर्ध्याने भागल्यावर उत्तर मोठं आलं की ते गोंधळतं. हे निरीक्षण शिक्षकांनी भिंतीवर लावावं इतकं मोलाचं आहे.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूची. खोल साम्य आपल्याला आपोआप दिसत नाही. १९८० साली मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटात गाठ आहे. तीव्र किरण सोडले तर गाठ जळेल, पण वाटेतला निरोगी भागही जळेल. सौम्य किरणांनी दोन्ही वाचतील. काय करावं? दहातल्या एखाद्यालाच उत्तर सुचतं : सगळ्या बाजूंनी सौम्य किरण सोडा, ते गाठीपाशीच एकत्र येऊ द्या. मग काही जणांना आधी एक गोष्ट वाचायला दिली. एका सेनापतीला किल्ला घ्यायचाय, रस्त्यांवर सुरुंग आहेत, मोठी फौज एका रस्त्याने गेली तर सुरुंग फुटतील, म्हणून तो छोट्या तुकड्या वेगवेगळ्या रस्त्यांनी पाठवतो. एवढी उघड गोष्ट वाचूनही दहातल्या साधारण तिघांनाच ती गाठीला लावता आली. "आधीची गोष्ट कामी येईल" एवढं म्हटल्यावर मात्र चारातल्या तिघांना जमलं. म्हणजे किल्ला आणि पोट एकमेकांसारखे दिसत नाहीत म्हणून माणूस चुकतो. तेव्हा साम्य शोधायला शिकवणारं पुस्तक हवंच होतं.

मग भांडण कशाबद्दल? भांडण असं : सगळाच विचार म्हणजे साम्य, असं एकदा म्हटलं की चांगलं साम्य आणि वाईट साम्य यांच्यातला फरक सांगायला हातात काही उरत नाही. पुस्तक मनाबद्दल बोलतं. साम्य कसं सुचतं, ते अप्रतिम सांगतं. पण सुचलेलं साम्य तपासायचं कसं, आणि गणित, पदार्थविज्ञान, कायदा, समाजशास्त्र यांनी ते तपासायच्या किती वेगवेगळ्या रीती घडवल्या, याकडे ते पुरेसं बघत नाही. आणि सगळी जोखीम तर तिथेच असते. चुकीचं साम्य सुचल्याने पोराचं एक गणित चुकतं. चुकीचं साम्य समाजाने धरून ठेवलं तर पिढ्यान्‌पिढ्या माणसं भरडली जातात. तिथवर आपण आज पोचणार आहोत.

नैयायिकांची चाळणी

हा तपासायचा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे न्यायशास्त्राने तो फार पूर्वी घेतला. नैयायिक चार प्रमाणं मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं उपमान म्हणजे साम्यावरून होणारं ज्ञान. त्याचं ठरलेलं उदाहरण गवयाचं, म्हणजे रानगाईसारख्या एका प्राण्याचं. शहरातल्या माणसाने गवय कधी बघितलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, "गवय गाईसारखा असतो." पुढे रानात गाईसारखा प्राणी दिसतो आणि हा ओळखतो, अरे, गवय तो हाच.

इथे उपमानाला किती मोजकं काम दिलंय बघा. या नावाची वस्तू ती ही, एवढं कळलं की उपमानाचं काम संपलं. गवय गाईसारखा दिसतो म्हणून तो गाईइतकंच दूध देईल, असा निष्कर्ष उपमानाच्या खात्यात बसत नाही. तो काढायचा तर अनुमानाच्या दारात जायचं आणि तिथे व्याप्ती दाखवायची. व्याप्ती म्हणजे जिथे जिथे हे तिथे तिथे ते, असा न सुटणारा संबंध.

न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात तर वादातल्या फसव्या उत्तरांची यादीच आहे. त्यांना 'जाति' म्हणतात, आणि त्या २४ सांगितल्या आहेत. यादीत सगळ्यात वरच्या दोन कोणत्या? साधर्म्यसम आणि वैधर्म्यसम. म्हणजे नुसत्या साम्यावर बेतलेलं उत्तर आणि नुसत्या फरकावर बेतलेलं उत्तर! एक जण म्हणतो, शब्द अनित्य आहे, कारण तो उत्पन्न होतो, घटासारखा. दुसरा म्हणतो, घटाशी साम्य आहे म्हणून अनित्य म्हणता, तर आकाशासारखा तो अमूर्तही आहे, मग आकाशासारखा नित्य का नाही? वरवर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. नैयायिकाचं उत्तर असं की साम्यांची मोजणी करू नका. 'उत्पन्न होणं' आणि 'अनित्य असणं' यांत बांधलेला संबंध आहे. 'अमूर्त असणं' आणि 'नित्य असणं' यांत तसा तो नाही. आपल्या सुखदुःखांनाही आकार नसतो, पण ती येतात आणि जातात.

आता सुरुवातीची ती दोन माणसं आठवा. मान डोलावणारा आणि 'छे' म्हणणारा. दोघेही त्या यादीत पहिल्या दोन जागांवर बसलेत.

आडवे धागे, उभे धागे

हीच गोष्ट विसाव्या शतकात मेरी हेस या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी विज्ञानाच्या अंगाने मांडली. १९६३ साली त्यांचं 'मॉडेल्स अँड अॅनॅलॉजीज इन सायन्स' हे छोटंसं पुस्तक आलं. त्यांची रीत साधी आहे. दोन रकाने आखायचे. डावीकडे ओळखीची गोष्ट, उजवीकडे अनोळखी. समजा डावीकडे आवाज आणि उजवीकडे प्रकाश. प्रतिध्वनीसमोर परावर्तन. आवाजाच्या लहानमोठेपणासमोर उजेडाची तीव्रता. स्वराच्या उंच-नीचपणासमोर रंग. आणि हवेसमोर? तिथे प्रश्नचिन्ह.

या तक्त्यात दोन तऱ्हेचे संबंध आहेत. डाव्या रकान्यातल्या गोष्टीचं उजव्या रकान्यातल्या गोष्टीशी असलेलं साम्य हा आडवा धागा. पण प्रत्येक रकान्यात वरून खाली, एका गुणाचा दुसऱ्या गुणाशी कार्यकारण असा काही संबंध असतो, तो उभा धागा. नुसत्या आडव्या धाग्यांचं कापड होत नाही, हे इचलकरंजीत किंवा पैठणीच्या येवल्यात कुणीही सांगेल. साम्यानुमानाचंही तसंच. डावीकडे 'अ'मुळे 'ब' घडतं, उजवीकडे 'अ'सारखं काही आहे, म्हणून तिथे 'ब'सारखं काही असेल. यातला 'मुळे' हा शब्द काढला की उरते ती फक्त उपमा.

पुढे हेस तक्त्यातल्या ओळींचे तीन ढीग करतात. जुळतात म्हणून ठाऊक असलेल्या, जुळत नाहीत म्हणून ठाऊक असलेल्या, आणि जुळतात की नाही हे अजून ठाऊक नसलेल्या. शास्त्रज्ञाचं काम या तिसऱ्या ढिगात चालतं.

प्रकाशाचंच बघा. क्रिस्तियान हॉयगेन्स यांनी १६९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशावरच्या ग्रंथात आवाजाचा आधार घेतला. आवाज पसरतो तशा प्रकाशाच्याही लहरी पसरतात, असं ते म्हणाले. पण त्याच ग्रंथात त्यांनी फरकही नोंदवले. हवा काढून घेतलेल्या भांड्यातून आवाज जात नाही, प्रकाश जातो. तेव्हा प्रकाशाला हवेखेरीज दुसरं कसलं तरी सूक्ष्म माध्यम असलं पाहिजे. पुढे त्यालाच ईथर म्हणू लागले. आवाजाची लहर जायच्या दिशेनेच पुढेमागे हलते. प्रकाशाचंही तसंच असेल असं धरलं होतं, पण ध्रुवीभवनाचा उलगडा त्याने होईना. १८२१ मध्ये फ्रेनेल यांनी सांगितलं की प्रकाशाच्या लहरी आडव्या हलतात. एक ओळ 'न जुळणाऱ्या' ढिगात गेली. माध्यमाची ओळ मात्र अधांतरी राहिली. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांनी पृथ्वीची ईथरमधली चाल मोजायचा प्रयोग केला आणि अपेक्षित फरक सापडला नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइन म्हणाले, ईथर मानायची गरजच नाही.

दोनशेहून जास्त वर्षं एकच साम्य वापरलं गेलं. ते खरं होतं की खोटं? हा प्रश्नच नीट नाही. लहरींपुरतं ते खरं निघालं, माध्यमाबाबत खोटं निघालं. आणि ते खोटं निघू शकलं, कारण पदार्थविज्ञानाकडे प्रयोग नावाचा न्यायाधीश होता.

ज्याचा त्याचा न्यायाधीश

गणितात तसा प्रयोग नसतो. तिथे काय होतं? १७३० च्या दशकात लिओनार्ड ऑयलर एका बेरजेच्या मागे होते. एक, अधिक एक चतुर्थांश, अधिक एक नवमांश, अधिक एक षोडशांश, असं वर्गसंख्यांचे व्यस्त घेत अनंतापर्यंत जायचं. बेरीज किती? बहुपदी असेल तर तिच्या मुळांवरून तिचे अवयव पाडता येतात, हे आपण शाळेत शिकतो. ऑयलर यांनी 'साइन' या फलाला अनंत मुळं असलेली बहुपदी समजून तसेच अवयव पाडले. उत्तर आलं पायचा वर्ग भागिले सहा, म्हणजे साधारण १.६४४९.

ही उडी नियमाबाहेरची होती, आणि ते त्यांना ठाऊक होतं. सान्तासाठी खरं ते अनंतासाठी खरं असतंच असं नाही. घातांकी फल बघा, ते कुठेच शून्य होत नाही, त्याला मुळंच नाहीत. मग मुळांवरून ते कसं उभं करणार? म्हणून ऑयलर साम्यावर विसंबून बसले नाहीत. बेरजेची किंमत त्यांनी आकडेमोडीने आधीच काढलेली होती, ती जुळली. हीच युक्ती त्यांनी आधी उत्तर माहीत असलेल्या दुसऱ्या श्रेणीवर लावली, तिथेही जुळली. आणि पुढे वेगळ्या वाटेने सिद्धताही दिली. गणितात साम्य उत्तर सुचवतं. निकाल सिद्धता देते.

कायद्यात याहून वेगळं. तिथे प्रयोग नाही आणि तशी सिद्धताही नाही. तिथे साम्य हेच समर्थन. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात एका बाईंना मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली. अपारदर्शक बाटली. तीत कुजलेली गोगलगाय निघाली, अशी बाईंची तक्रार. पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे बाईंचा कुणाशी करारच नाही. तरीही १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने बहुमताने म्हटलं की उत्पादकाने माल वापरणाऱ्याबद्दल काळजी घेतलीच पाहिजे. थोड्याच वर्षांत ऑस्ट्रेलियातला एक दावा प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. तेव्हा आपल्याकडची शेवटची अपीलंही तिथेच जात. एका माणसाने लोकरीचे आतले कपडे घेतले, त्यात उरलेल्या रसायनाने त्याला त्वचारोग झाला. उत्पादकाचे वकील म्हणाले, ती बाटली होती, हा कपडा आहे. ती सीलबंद होती, हा कागदात गुंडाळलेला. ते पोटात जाणारं, हे अंगावर घालायचं. फरक खरे होते, एकही खोटा नव्हता. पण न्यायमूर्तींनी विचारलं, आधीच्या निकालात जबाबदारी कशामुळे आली होती? माल कारखान्यातून निघाला त्याच दोषासह वापरणाऱ्याच्या हाती पोचला, म्हणून. इथेही तसंच झालं. उभा धागा शाबूत आहे, तेव्हा आडवे फरक गैरलागू. दावा मान्य झाला.

बघा, तीन विद्याशाखा आणि तीन वेगळे न्यायाधीश : प्रयोग, सिद्धता आणि निकालामागचं कारण. साम्य सुचण्याची क्रिया तिन्हीकडे एकच असेलही, त्यात हॉफस्टॅटर-सँडर बरोबर असतील. पण ज्ञान तयार होतं ते या न्यायाधीशांच्या दारात. पुस्तकात त्या दाराचं वर्णन फार कमी येतं.

न्यायाधीश नसतो तिथे

आता अवघड भाग. समाजाबद्दल बोलताना आपण सर्रास साम्यं वापरतो, आणि तिथे न्यायाधीश सहसा हजर नसतो.

रोमन इतिहासकार लिव्ही एक प्रसंग सांगतो. इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये रोमचे सामान्य लोक कर्जाला आणि जाचाला कंटाळून शहर सोडून डोंगरावर गेले. त्यांची समजूत घालायला मेनेनियस अग्रिप्पा गेला आणि त्याने गोष्ट सांगितली. एकदा हातपाय, तोंड आणि दात पोटावर रुसले, हे फुकट खातं म्हणून. त्यांनी काम बंद केलं, आणि सगळं शरीरच खंगलं. तसंच सरदारवर्ग म्हणजे राज्याचं पोट. लिव्हीच्या म्हणण्याप्रमाणे लोक या गोष्टीने निवळले.

तक्ता आखा. आडवं साम्य छान आहे, पोटही खातं आणि सरदारही खातात. उभा धागा बघा. पोट आलेलं अन्न पचवून रक्तातून सगळ्या अवयवांना पोचवतं, म्हणून हाताने पोटासाठी राबणं शहाणपणाचं. सरदार काय पोचवत होते? तोच तर भांडणाचा मुद्दा होता. गोष्टीने तो मुद्दा आधीच सुटलेला आहे असं गृहीत धरलं. आणि गंमत म्हणजे तह झाला तेव्हा लोकांनी नुसती गोष्ट घेतली नाही, आपले स्वतःचे ट्रिब्यून, म्हणजे आपली बाजू राखणारे अधिकारी, मागून घेतले.

आपल्याकडे याहून कितीतरी भारी साम्य चालत आलं. जात म्हणजे श्रमविभागणी. प्रत्येक प्रगत समाजात कामं वाटलेली असतात, आपल्याकडेही वाटली, त्यात वाईट काय? १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी भाषण लिहिलं. ते भाषण व्हायचं राहिलं, कारण मजकुरावरून मतभेद झाले आणि परिषदच रद्द झाली. मग त्यांनी ते स्वतः छापलं. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ते हेच. त्यात या साम्याची जी चिरफाड आहे, ती साम्यानुमानाच्या परीक्षेचा नमुना म्हणून शिकवावी, असं आम्हाला वाटतं.

बाबासाहेब 'तुलनाच चुकीची' म्हणून मोकळे होत नाहीत. कामाची विभागणी प्रगत समाजाला लागते, हे ते मान्य करतात. म्हणजे आडवी ओळ मान्य. मग उभ्या धाग्याला हात घालतात. ही फक्त श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे, बंदिस्त कप्प्यांत केलेली. कप्पे एकाखाली एक रचलेले आहेत. माणसाचं काम त्याच्या आवडीवरून किंवा कुवतीवरून ठरत नाही, जन्मावरून ठरतं. आणि उद्योग बदलले तरी माणसाला काम बदलता येत नाही, म्हणून ही व्यवस्था बेकारीलाही कारण होते. श्रमविभागणीचे फायदे ज्या कारणांमुळे मिळतात, ती कारणंच इथे कापलेली आहेत. मग फायद्यांचा दावा कुठल्या तोंडाने करणार?

एक साम्य तपासल्याने जात गेली नाही, हे खरंच. पण एका सभ्य दिसणाऱ्या शब्दामागे लपायची सोय त्या दिवसापासून तरी राहिली नाही. साम्याची परीक्षा हा वर्गातला खेळ नाही, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

दार्ष्टांतिक

मराठीला या बाबतीत एक जुनी सवय होती, तिची आठवण करून देतो. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत तेराव्या शतकात केसोबासांनी 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात एकत्र केले. त्यात ११४ दृष्टांत आहेत. त्यांची रचना तीन भागांची आहे. आधी सूत्र, म्हणजे स्वामींचं वचन. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतलं काय सूत्रातल्या कशाला लावायचं त्याची फोड. तो धर्मग्रंथ आहे, त्याचा हेतू आजच्या आपल्या हेतूपेक्षा वेगळा. पण ही तिसरी पायरी फार महत्त्वाची. गोष्ट सांगून वक्त्याला सुटता येत नाही. कुठलं टोक कुठे बांधलं, ते दाखवावं लागतं. ते दाखवलं की ऐकणाऱ्याला एखादी गाठ सैल आहे असं म्हणता येतं.

कवितेला याची गरज नसते. चेहरा चंद्रासारखा म्हटल्यावर चंद्रावरच्या खड्ड्यांची चौकशी करणारा अरसिक. तिथे कवीने जो समान धर्म निवडला तोच घ्यायचा. युक्तिवादात मात्र खड्डे विचारावेच लागतात. आज आपल्याकडे सूत्र भरपूर आहेत, दृष्टांत त्याहून भरपूर, आणि दार्ष्टांतिक गळून पडलंय.

शेवटी त्या घराकडे येऊया. घर आणि देश. जुळणाऱ्या ओळी आहेत : दोघांनाही व्याज भरावं लागतं, दोघांपुढेही गरजा जास्त आणि साधनं मर्यादित. आता उभा धागा. घराने खर्च कमी केला की शिल्लक वाढते, कारण घराची मिळकत बाहेरून येते आणि घरातल्या काटकसरीने ती घटत नाही. देशात मात्र एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. मंदीत सगळ्यांनी एकदम हात आखडला तर सगळ्यांचीच मिळकत घटते, हे केन्स यांनी १९३६ सालच्या ग्रंथात मांडलं. शिवाय केंद्र सरकार ज्या चलनात बहुतेक कर्ज काढतं, ते चलन देशाचं स्वतःचं आहे. घराला ही सोय नाही.

मग तुलना बाद? थांबा. राज्य सरकारला चलन काढता येत नाही. नगरपालिकेला तर नाहीच. म्हणजे हेच साम्य केंद्राला कमी लागू, राज्याला जास्त आणि गावच्या नगरपालिकेला आणखी जास्त. केंद्रालाही वाट्टेल तेवढा खर्च करायची मुभा यातून मिळत नाही, महागाईचा लगाम आहेच. पण तो लगाम घराच्या लगामापेक्षा वेगळा. एवढं बोलायला पाच मिनिटं लागली. मान डोलावायला एक सेकंद पुरतो. साम्य झटकन पटतं आणि तपासायला वेळ लागतो, हीच त्याची ताकद आणि हाच त्याचा धोका.

तेव्हा 'सर्फेसेस अँड इसेन्सेस' जरूर वाचा. साम्य दिसायची नजर त्यातून मिळेल. पण शेजारी हेस यांचं ते छोटं पुस्तक ठेवा, आणि त्याच्या शेजारी बाबासाहेबांचं ते न झालेलं भाषण.

श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न

प्रश्न : सर, हे सगळं पटलं. पण घरी वडीलमाणसं अशी उदाहरणं देतात तेव्हा एवढा तक्ता काय मांडणार? वाद होतो.

उत्तर : तक्ता मांडू नका. 'चूक' असंही म्हणू नका, त्याने समोरचा माणूस आपलं उदाहरण आणखी घट्ट धरतो. एकच विचारा : "बाबा, हे कुठपर्यंत धरायचं?" बहुतेक वेळा ते स्वतःच थोडा विचार करून एखादी मर्यादा सांगतील, आणि मग खरी चर्चा सुरू होईल. नाही सांगितली, तर जेवून घ्या, उद्या पुन्हा विचारा. आणि आपण स्वतः उदाहरण देऊ तेव्हा हाच प्रश्न स्वतःलाही विचारा. आज आम्ही कापडाचे आडवे-उभे धागे वापरले. ते कुठपर्यंत धरायचे, हे तुम्ही आम्हाला विचारायला हवं होतं. कापडात उभे धागे आधी लावतात, आडवे मागून भरतात. विचारात बहुधा उलट होतं : साम्य आधी दिसतं, कारण मागून शोधावं लागतं. आमचं उदाहरण तिथे सुटतं.